काळ्या गाडीचं ॲव्हरेज

कोलशेतला माझी खोली तळमजल्यावर आहे आणि तिची एकुलती खिडकी पार्किंगमध्ये उघडते. मी राहायला आलो तेव्हा त्या खिडकीतून खाडीच्या बाजूचं थोडं आभाळ दिसायचं. मग घरमालकांच्या मुलाने कुणाकडून तरी एक जुनी, उंच, काळी फोर बाय फोर घेतली आणि ती बरोबर खिडकीसमोर उभी राहू लागली. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की मला आधी एक टायर दिसतो. रुंद, खोल खाचांचा, चिखलासाठी बनवलेला.

घरमालकांना मी काका म्हणतो. त्यांचं घराणं इथलं जुनं, आगरी. एकेकाळी मिठागर आणि भातशेती होती, आता त्या जमिनीवर इमारती आहेत. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बी.एस्सी. होऊन ठाण्यात आलो, वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली, पण एकट्या मुलाला खोली कुणी देईना. काकांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, "बाप काय करतो रं तुझा?"

"सायकली दुरुस्त करतात. एस.टी. स्टँडसमोर."

"आन तू?"

"फिजिक्स घेऊन ग्रॅज्युएट झालो. आमच्या घरात पहिलाच."

काकांनी आत तोंड करून काकींना हाक मारली, "अगो, चावी आन खालच्या खोलीची." एवढीच माझी चौकशी झाली. काकींनी त्या रात्री भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली. त्या दिवसापासून काका मला मास्तर म्हणतात. मी कधीच कुणाला काही शिकवलेलं नाही, पण शिकलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे दुसरा शब्द नाही. त्या माणसांमुळे मी या शहरात टिकलो. हे मी मनापासून लिहितो आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात काका थोडे कठोर दिसतील, आणि ते तेवढेच नाहीत.

काळ्या गाडीची हौस मुलाने पुरेपूर भागवली. मूळचे टायर काढून मोठे, खाचांचे टायर आले. पुढे जाड लोखंडी बंपर आला. टपावर कॅरिअर आलं, त्याच्यावर दिव्यांची रांग. बॉनेटच्या बाजूने वर जाणारी एक काळी नळी बसली, गाडी पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून. गाडी मात्र पाण्यात किंवा चिखलात गेल्याचं मला आठवत नाही. ती लग्नाच्या मांडवापर्यंत जाई, एकवीरेला जाई, आणि उरलेला वेळ घोडबंदर रोडच्या गर्दीत उभी राही. वर्षभरात मुलाची हौस फिटली, त्याने स्वतःला एक लहान गाडी घेतली, आणि काळी गाडी काकांकडे आली. काकांना गाडी चालवता येत नाही. म्हणून ड्रायव्हर ठेवला.

ड्रायव्हर जुन्नरकडचा, चाळिशीतला, वर्तकनगरला एका खोलीत राहणारा. बायको, दोन मुली. मुली ठाण्यातल्या शाळेत. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला सर. सकाळी गाडी पुसताना खिडकीतून मला हाक मारायचा, "सर, उठा, सूर्य गाडीच्या मागे आलाय."

गाडीचं ॲव्हरेज हा काकांच्या मनातला काटा कधी झाला, ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की लग्नकार्यात पुरुष एकत्र बसले की गोष्ट गाड्यांवर येते, आणि गाड्यांची गोष्ट ॲव्हरेजवर. कुणी म्हणतो लिटरला बारा, कुणी म्हणतो तेरा. कंपनी म्हणे पंधरा सांगायची. काकांची गाडी सात-आठच्या पुढे जात नव्हती. मेकॅनिकला दाखवली. त्याने फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले, म्हणाला गाडीत दोष नाही. मग काकांच्या मेव्हण्याने एक वाक्य टाकलं, "गाडीत दोष नाय, तं माणसात बघ."

हळदीला जायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मला वर बोलावलं. डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्याला लागून एका गावात त्यांच्या भाचीची हळद होती. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मास्तर, उद्या तू येशील आमच्यासोबत. सुट्टी हाय ना? जाताना टाकी फुल करू, येताना तिथंच फुल करू. गारीला दिवसभर कोन हात लावनार नाय, चावी माझ्याकडं. मग तू हिशेब कर." ते गाडीला गारी म्हणत. "गारीने उद्या अकरा-बारा दिलं, तं समजायचं रोज डिझेल कोन काढतो. चोर सापडला."

मी म्हणालो, "दादा तसे वाटत नाहीत, काका."

"वाटत कोनीच नाय. उद्या कलेल. तू शिकलेला, तू सांगशील ते खरं. पन त्याला एक शब्द बोलायचा नाय. बोलशील?"

"नाही बोलणार."

मी शब्द दिला आणि खाली आलो. त्यावेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पडताळणी ही मला चांगलीच गोष्ट वाटत होती. माझा पगारच त्याचा आहे. आमच्या लॅबमध्ये कारखान्यांतून मोजण्याची उपकरणं येतात, ती बरोबर मोजतात का ते आम्ही तपासतो. दादा निर्दोष असेल तर आकडा त्याला सोडवेल, असा माझा भाबडा हिशेब होता. आणि तो सुटला नाही तर काय होईल, हेही मला माहीत होतं. काम जाईल एवढंच नाही. कोलशेतपासून डोंबिवलीपर्यंत ही सगळी घरं एकमेकांची सोयरी. एका घरात डिझेलचोर ठरलेला माणूस दुसऱ्या घराच्या गाडीवर बसू शकत नाही.

सकाळी पेट्रोल पंपावर दादाने स्वतःहून खाली उतरून गाडी दोन्ही हातांनी हलवली. टाकीतली हवा निघून जावी आणि डिझेल काठापर्यंत चढावं म्हणून अशी हलवतात. पंपवाल्याने पुन्हा थोडं टाकलं, दादाने पुन्हा हलवली, शेवटी तोंडाशी डिझेल चमकलं. काकांनी वाकून पाहिलं. मी किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपला.

दादाला एवढंच सांगितलं होतं की आज ॲव्हरेज काढायचं आहे. त्याने नवा शर्ट घातला होता. टायरमध्ये हवा भरून आणली होती, नेहमीपेक्षा बरीच कडक. टपावरचं कॅरिअर काढून घरी ठेवलं होतं. मागे नेहमी पडून असलेला जॅक, दोरखंड, मुलाची खोकी, सगळं उतरवून गाडी हलकी केली होती. मला डोळ्याने खूण करून म्हणाला, "सर, आज बघा. शेठना दाखवतो गाडी कशी चालवतात."

आमच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा आठवडाभर आधी भिंतींना चुना लागायचा, आणि हुशार मुलं पहिल्या बाकावर यायची. साहेब खूश होऊन जायचे. दादाचं त्या सकाळी तेच चाललं होतं. त्याला वाटत होतं, आपण गाडी नीट चालवतो की नाही याची परीक्षा आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो जितकी छान चालवेल तितका आकडा चांगला येईल, आणि आकडा जितका चांगला येईल तितका तो चोर ठरेल.

गाडीला दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरायचं, आणि पुढचा माणूस उतरेपर्यंत मागच्याला उतरता येत नाही. काकांचे गुडघे दुखतात म्हणून ते पुढे. काकी कष्टाने माझ्याशेजारी चढल्या. "बकरीसारखं चढवतात मना या गारीत," त्या म्हणाल्या, "आन बैलासारखं उतरवतात." मागच्या काचा पक्क्या, न उघडणाऱ्या. काकांनी सीट सरकवून पाय पसरले आणि माझे गुडघे सीटच्या पाठीला चिकटले.

कापूरबावडीच्या सिग्नलला दादाने इंजिन बंद केलं. एसी लावलाच नव्हता.

"काय झालं रं?" काकींनी विचारलं.

"काही नाही काकी, डिझेल वाचवतोय. थोडं सहन करा."

"सहन करायला मी तुझ्या घरी सून आल्ये काय?"

काका हसले नाहीत. ते डिझेलच्या काट्याकडे बघत होते. माजिवड्याहून साकेतच्या पुलाकडे निघालो. एरवी ज्या रस्त्यावर दादा ट्रकांना मागे टाकत जायचा, तिथे तो डाव्या बाजूने, एका चालीत, पायाखाली अंडं ठेवल्यासारखा चालवत होता. लांबून ब्रेकलाइट दिसले की पाय काढायचा. ते बघायला खरंच सुंदर होतं. खारेगाव मागे पडलं तरी काटा हलला नव्हता. टाकी काठापर्यंत भरली की काटा बराच वेळ हलतच नाही, हे मला माहीत होतं. काकांनी बोटाने काचेवर, काट्याच्या जागी, दोनदा टकटक केलं आणि वरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. बघ, असं त्या नजरेत होतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मला खरं कारण बऱ्यापैकी दिसत होतं. मोठे टायर गाडीला जड होतात. रस्त्यावर त्यांच्या खाचांचा घुरघुर आवाज येतो, तो आवाजसुद्धा डिझेलवरच निघतो. वडिलांच्या दुकानात कमी हवेची सायकल ढकलून पाहिलेल्या कुणालाही रोजचे मऊ टायर आणि आजचे कडक टायर यातला फरक कळेल. शिवाय मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, पण मीटर जुन्याच चाकाचा हिशेब धरून बसलेला असतो. म्हणजे गाडी जेवढी चालते त्याहून कमी किलोमीटर दाखवते, आणि ॲव्हरेज कागदावर आणखी घसरतं. हे एकेकटं थोडं थोडंच. मोठं कारण एकच होतं. ही गाडी उभी असताना सगळ्यात जास्त पीत होती. इंजिन चालू, एसी चालू, चाकं स्तब्ध. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं.

यातलं सगळं काकांना सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे दादासमोर सांगायचं, आणि मग दादाला कळलं असतं की आजची परीक्षा कसली होती. मी शब्द दिला होता. ज्या माणसाच्या चावीने मी रोज घरात शिरतो त्याला दिला होता. आणि उतरून कुठे जायलाही जागा नव्हती. काकांच्या सीटमागे, बंद काचेआड, घाम पुसत मी माझ्या शब्दासकट बसलो होतो.

मुंब्रा बायपासचा चढ संपला आणि शीळफाट्याकडचा उतार लागला. दादाने गाडी न्यूट्रल केली आणि चावी फिरवली. इंजिन गप्प झालं. गाडी आपल्या वजनाने खाली जाऊ लागली, टायरांचा घुरघुराट तेवढा राहिला.

मी म्हणालो, "दादा, उतारावर बंद नका करू."

"काही होत नाही सर. आमच्या घाटात सगळे करतात."

पुढे एक लांब ट्रेलर होता. त्याचे मागचे लाल दिवे पेटले. दादाने ब्रेक दाबला, एकदा, मग पुन्हा. इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत मिळत नाही, पेडल दगडासारखं होतं. त्या रुंद टायरांचं स्टिअरिंगही बंद इंजिनात वळता वळेना. दादा सीटवरून जवळजवळ उभा राहिला आणि दोन्ही पाय पेडलवर रोवले. काकींनी माझा दंड धरला, "आई एकवीरे!" ट्रेलरचं लोखंड मोठं मोठं होत काचेत भरलं, आणि गाडी थांबली. लोखंडी बंपर आणि ट्रेलर यांच्यात हात शिरला असता, पण मांजर शिरलं नसतं.

मागे कर्कश हॉर्न वाजले, मग थांबले. डाव्या बाजूला एक कंटेनर येऊन उभा राहिला, उजव्या बाजूला दुसरा. दार उघडलं तर हातभरही उघडलं नसतं. पुढे कुठेतरी मेट्रोच्या कामापाशी सगळं अडलं होतं.

काकांचा आवाज आधी बसका निघाला. "मारतोस काय रं?"

"शेठ, उतारावर बंद ठेवली की डिझेल—"

"आन माणसं? माणसं वाचतात का?"

दादाने कपाळ पुसलं. पण इंजिन त्याने सुरू केलं नाही. गाडी उभीच होती ना, मग कशाला जाळायचं. गाडीत हवा हलत नव्हती. कंटेनरच्या पत्र्याची धग मागच्या काचेतून आत येत होती. काकी पदराने वारा घेऊ लागल्या. मला श्वास पुरेना.

आणि तिथे काकांनी पुन्हा काट्यावर बोट ठेवलं. एवढं होऊनही. आरशातून माझ्याकडे बघत हळू म्हणाले, "तिथंच हाय, मास्तर. बघतोस ना?"

मी म्हणालो, "काका, इंजिन चालू करायला सांगा. आणि एसी."

"गरम होतंय?"

"होतंय. पण त्यासाठी नाही. आज निघेल तो आकडा खरा नाही."

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काकांनी नाही. "कसा खरा नाय? टाकी तुझ्यासमोर भरली."

मला दादाला कळू न देता काकांना सांगायचं होतं, आणि शब्द जुळत नव्हते. मी म्हणालो, "आमच्याकडे कारखान्यातून उपकरण तपासायला येतं ना, तेव्हा काही लोक ते आधीच घासूनपुसून, नीट करून पाठवतात. त्यांना वाटतं, चांगलं दिसेल. पण मग ते रोज किती चुकत होतं ते कधीच कळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, जसं वापरता तसंच आणा. तुम्हाला गाडी रोज किती पिते ते बघायचंय. आज ती रोजच्यासारखी चाललेलीच नाही. कॅरिअर घरी, सामान घरी, टायर कडक, एसी बंद. मग आजचा आकडा रोजच्याला लावून काय कळणार?"

काकांनी काट्यावरचं बोट उचललं.

"मास्तर," ते म्हणाले, "तू कोनाकडून बोलतोस?"

त्या प्रश्नात खोली होती, चावी होती, सुकटीची चटणी होती. मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात, मी सांगेन ते खरं. म्हणून सांगतोय."

"सर, राहू द्या ना," दादा काकुळतीने म्हणाला. "मस्त चाललंय. शेठ, मी आज बारा काढून दाखवतो."

"तू गप रं!" हे काका म्हणाले नाहीत, काकी म्हणाल्या. आणि मग त्या नवऱ्याकडे वळल्या. वळल्या म्हणजे त्यांच्या सीटच्या पाठीला उद्देशून बोलल्या. "रोजचं बघायचं ना तुम्हाला? मग दुपारचं पन बघा."

"कसलं दुपारचं?"

"खारीच्या काठाला गारी लावून झोपता ते. जेवलात की चाललात. घरात पोरांचा गलका होतो म्हनून. इंजिन चालू, गार हवा सोडलेली, आन हा बिचारा बाहेर झाडाखाली उभा. ते कशावर चालतं, पाण्यावर?"

"मी कुठं झोपतंय? जरा टेकतंय."

"टेकता? पलीकडं जाली टाकायला आलेली मानसं विचारतात मना, काकी, काकांची गारी घोरते का काका?"

दादाच्या खांद्यांवरून मला कळलं की तो हसू दाबतो आहे. मग दाबणंही थांबलं. तो एकदम ताठ बसला, कारण काकांची मान लाल झाली होती. घरमालकाला त्याच्या बायकोने ड्रायव्हर आणि भाडेकरूसमोर असं बोलणं, आणि गाडीचं दारही उघडत नाही. काकांनाही कुठे जाता येत नव्हतं. पुढचा ट्रेलर तसूभर सरकला आणि पुन्हा थांबला.

"लाव," काका शेवटी म्हणाले.

"काय शेठ?"

"इंजिन लाव. एसी लाव. रोजच्यासारखं चालव. मास्तर सांगतो ना."

थंड हवा मागेपर्यंत यायला वेळ लागला. आली तेव्हा काकींनी डोळे मिटले. दादाने मात्र आरशातून माझ्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. त्याची परीक्षा मी मधेच फाडली होती. शीळफाटा ओलांडून कल्याण-शीळ रस्त्याला लागेपर्यंत आम्ही रांगतच गेलो, आणि इंजिन जळत राहिलं.

हळदीच्या गावी गाडी मांडवामागच्या मोकळ्या जागेत लागली. काकांनी चावी काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. दिवसभर ढोल वाजले, बायकांनी लग्नाचे धवले गायले, जेवणं झाली. मी काकांच्या जवळपासच राहिलो. पुरुषांच्या घोळक्यात कुणीतरी विचारलंच, "काय काका, काली गारी काय देते?"

काका क्षणभरही थांबले नाहीत. "तेरा."

"तेरा? आमची बारा देते."

"तुझा ड्रायव्हर नीट चालवत नसंल," काका म्हणाले.

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

परतताना संध्याकाळची गर्दी होती. पलावाच्या पुलाखाली, शीळफाट्याला, बायपासच्या चढाला, सगळीकडे थांबत आलो. दादा रोजच्यासारखा चालवत होता, म्हणजे जरा रागाने. गॅप दिसला की पाय दाबायचा, मग करकचून ब्रेक. एसी पूर्ण. चढावर काकांची मान एका बाजूला कलली आणि ते घोरू लागले. काकींनी मला कोपराने ढोसलं. मुंब्र्याच्या डोंगराखाली रात्र उतरत होती. हॉर्नच्या, इंजिनांच्या आणि काकांच्या आवाजात मी मनातल्या मनात गणित करत होतो. सकाळच्या त्या सुंदर चालवण्याचं डिझेल आता पुरतं जळालं असेल का? मी एका माणसासाठी वाईट आकड्याची प्रार्थना करत होतो. अशी प्रार्थना मी आधी कधी केली नव्हती.

सकाळच्याच पंपावर आलो. काका जागे होऊन उतरले, दादाकडून चावी मागून घेऊन खिशात टाकली. दादाने पुन्हा गाडी हलवली, सकाळी हलवली तशीच, प्रामाणिकपणे. कमी हलवली असती तर टाकीत कमी मावलं असतं आणि आकडा चांगला आला असता. पण त्याच्या मनात तसं काही आलंच नाही. डिझेल काठाला आलं. पंपावरचा आकडा आणि किलोमीटर घेऊन मी मोबाइलवर भागाकार केला.

"किती?"

"आठ, काका. आठलाही थोडं कमीच."

काकांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, लांब धरून बघितला, परत दिला. दिवसभर चावी त्यांच्या खिशात होती. गाडीतून कुणी काही काढलं नव्हतं. दिवसभरातलं डिझेल गाडीनेच प्यायलं होतं, आमच्या चौघांच्या डोळ्यांसमोर. काका पंपाच्या दिव्याखाली उभे राहून टायरकडे बघत होते. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील, निदान मला. त्यांनी खिशाला हात लावला आणि चावी दादाकडे टाकली.

"उद्या नऊला ये. कोर्टात जायचंय."

काकी आत बसूनच म्हणाल्या, "आन दुपारी घरी झोपा."

गाडी लावून काका-काकी वर गेले. दादा चावी वर देऊन खाली आला आणि वर्तकनगरची रिक्षा मिळेल त्या नाक्याकडे निघाला. मी त्याच्यासोबत चालत गेलो. मला खूप हलकं वाटत होतं. त्याला वाटत नव्हतं.

"सर, तुमच्यावर माझा राग नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही मध्ये बोलला नसता ना, तर आज बारा काढला असता मी. आठ म्हणजे काय, आठ तर कुणीही काढतो. शेठ काय म्हणत असतील मनात."

माझ्या तोंडावर सगळं आलं होतं. दोन वाक्यांत त्याला कळलं असतं की बारा आला असता तर काय झालं असतं. पण मग त्याला हेही कळलं असतं की ज्या माणसाला तो उद्या नऊला कोर्टात घेऊन जाणार आहे, त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने त्याला काय समजलं होतं. ते कळल्यावर तो त्या सीटवर बसू शकला नसता. कदाचित मुलींच्या शाळेसाठी बसलाही असता, आणि ते अधिक वाईट झालं असतं.

"हो दादा," मी म्हणालो. "माझंच चुकलं. मला गरम होत होतं."

"तुम्हाला मागे त्रास होतो, खरंय," तो लगेच निवळला. "मागच्या काचा उघडत नाहीत ना. पुढच्या वेळी ओला नॅपकिन ठेवतो तुमच्यासाठी. पण तेव्हा बोलायचं नाही हां, सर. तेव्हा बघाच तुम्ही."

रिक्षा आली. दोन माणसं आधीच बसलेली होती, तिसरा तो, कडेला. वर्तकनगर म्हणाला आणि आत सरकला.